सहा पेन्सांचा अंदाज

बैलाचं वय विकणाऱ्याला विचारत नाहीत. खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढतात आणि दात बघतात. वरच्या जबड्यात समोरचे दात त्याला नसतातच, खाली आठ. आठही दुधाचे असतील तर आदत. पक्के दोन आले की दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही पक्के झाले की बैल जुळला. तोवर त्याला साधारण पाच वर्षं होतात. इथपर्यंत काम सोपं आहे. कुठल्याही बाजारात कुणीही बघितलं तरी उत्तर तेच येतं. खरी पंचाईत जुळल्यानंतर. दात किती झिजलेत, शिंगांवर कड्या किती, बसलेला उठतो कसा, चालताना मागचा पाय ओढतो का. त्यात शिंगं मालकानं कालच साळून, तेल लावून आणलेली असतात. कड्या त्या सालींबरोबर गेलेल्या.

गिऱ्हाईक तरीही मनाशी आकडा बांधतं. संध्याकाळी दावं त्याच्याच हातात येणार असतं.

ज्याला थांबून चालत नाही, तो अंदाज करतो. बाकीचे मत देतात.

1906 साली इंग्लंडमधल्या प्लिमथ गावी जनावरांच्या प्रदर्शनात असाच एक बैल उभा केला होता. कापून साफ केल्यावर त्याचं वजन किती भरेल ते चिठ्ठीवर लिहायचं, खाली नाव-पत्ता टाकायचा. चिठ्ठी सहा पेन्सांना. जवळात जवळ येईल त्याला बक्षीस. फ्रान्सिस गाल्टन तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. माणसाची लायकी रक्तातच ठरते असं मानणारा हा विद्वान. आम जनतेच्या अकलेबद्दल त्याचं मत काही फार थोर नव्हतं. त्यानं त्या चिठ्ठ्या मागवून घेतल्या. वाचता येण्याजोग्या 787 निघाल्या. चढत्या क्रमानं लावून त्यानं बरोबर मधली उचलली. आकडा होता 1207 पौंड. बैल भरला 1198 पौंड.

हा किस्सा हल्ली व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत हमखास येतो, आणि ‘बघा, गर्दी शहाणी असते’ म्हणून टाळ्या घेऊन जातो. पण गाल्टननं 1907 साली ‘नेचर’मध्ये लिहिताना दोन साध्या गोष्टी नोंदवून ठेवल्या होत्या, त्या वाटेतच गळतात. एक, सहा पेन्स मोजावे लागल्यामुळे टवाळखोर दूर राहिले. दुसरी, तिथं कुणाचं भाषण नव्हतं. जोशात येऊन किंवा दुसऱ्याच्या बोलण्याला भुलून कुणी आकडा लिहिला नाही. म्हणजे शहाणपण गर्दीत नव्हतं. पदरचे पैसे टाकण्यात होतं, आणि शेजाऱ्याच्या चिठ्ठीत डोकावता न येण्यात होतं.

आता हे दोन्ही उलटं करून बघा. अंदाज फुकट, आणि प्रत्येकाच्या कानात इतर सगळ्यांचे आकडे. टीव्हीवरची निवडणुकीची संध्याकाळ तयार.

तिथं बसलेल्यांपैकी कुणालाही दुसऱ्या दिवशी दावं धरायचं नसतं. चुकलेला तज्ज्ञ पुढच्या निवडणुकीला त्याच खुर्चीत असतो, आणि मागच्या वेळी आपण काय म्हणालो होतो हे त्याला खरंच आठवत नसतं. विसरायला त्याला काही खर्च आलेला नाही. ज्याला खर्च येतो त्याच्या लक्षात राहतं. मोहोरावर आंब्याची बाग उक्ती घेणारा व्यापारी दहा वर्षांपूर्वीचं धुकं तारखेसकट सांगतो.

पाण्यात म्हैस, बाहेर मोल, असं आपण हसून म्हणतो. म्हैस पाण्यात असताना मोल करणं चूक नाही. पाण्यातून ती बाहेर येण्याच्या आत निघून जाणं, ही लबाडी.

मीठ अंदाजानं घालणाऱ्या बाईला अंदाज करावा लागत नाही. तो तिनं पंचवीस वर्षांपूर्वी केला होता, आणि खारट आमटी स्वतःही जेवली होती.

अनुमानावर आपल्याकडं हजार-दीड हजार वर्षं वाद झाले. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे. न्यायशास्त्राचं हे उदाहरण पोरासोरांनाही ठाऊक. चार्वाकांचं म्हणणं, हे प्रमाणच नाही. जिथं जिथं धूर तिथं तिथं आग, हे सगळ्या जगात, सगळ्या काळात फिरून कुणी पाहिलंय? मुद्दा बिनतोड आहे, आणि आजही तितकाच बिनतोड आहे. दहाव्या शतकातले मिथिलेचे उदयनाचार्य यावर ‘न्यायकुसुमांजली’त जे म्हणतात ते वाचून मला त्या रुक्ष शास्त्राबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्यांचा सूर असा: जे दिसत नाही ते नाहीच असं धरलं, तर हा बिचारा चार्वाक घराबाहेर पडला की त्याला बायकामुलं दिसेनाशी होणार, मग त्यानं घरी परतायचंच नाही, ती उरलीच नाहीत असं समजून छाती पिटत रडत बसायचं. चार्वाक संध्याकाळी मुकाट्यानं घरी जातो. उदयनाचार्यांना तेवढं पुरे आहे.

चार्वाकाकडेही उत्तर होतं: मी घरी जातो ते नुसत्या संभवावर, खात्रीवर नव्हे. मला वाटतं वाद तिथंच मिटायला हरकत नव्हती. आपण सगळेच घरी जातो ते संभवावर. फक्त एकजण किल्ली खिशात चाचपडून बघतो, आणि दुसऱ्याला चाचपडायची आठवण होत नाही.

न्यायवाल्यांची खरी कमाई मात्र त्या डोंगरावरच्या आगीत नाही. धुरासारखं दिसणारं धुकं किंवा धूळ कशी वेगळी काढायची. लोखंडाचा गोळा लालबुंद तापतो तरी धूर निघत नाही, मग आगीवरून धुराचं अनुमान का फसतं. धूर यायला आगीखेरीज ओलं सरपणही लागतं, हे ते खोदून खोदून सांगत बसले. अनुमान कसं करावं याच्यापेक्षा ते कुठं कुठं फसेल याची यादी त्यांनी मोठी केली. अंदाजाचं शास्त्र व्हायला लागतं ते तिथून.

अंदाज चुकणं हा दोष धरला तर पावसापुढं सगळेच दोषी. तिथं फरक पडतो तो चूक सापडते की नाही याचा.

पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला वाहन असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की चांगला पाऊस. कोल्हा, मेंढा आले की ओढ. मोर, गाढव, उंदीर यांचं मधलं मधलं. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्यं, मध्ये खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्यानं भरलेली घागर, पुरी, पापड, कुरडई, विड्याचं पान. रात्रभर तिथं कुणी थांबत नाही. पहाटे कोणतं धान्य घटातून बाहेर पडलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं ते बघून वर्षाचं भाकीत. पुरी म्हणजे पृथ्वी, विडा म्हणजे राजा. पान जागचं हललं नाही की राजा कायम. पुढाऱ्यांचंही लक्ष त्या पानाकडं असतं म्हणतात. मी या मांडणीला हसणार नाही. पेरणीच्या तोंडावर शेकडो माणसं भल्या पहाटे एका शेतात जमतात ती काही करमणुकीसाठी जमत नाहीत. पण ‘पाऊस लहरी राहील, काही भागांत कमी, काही भागांत जास्त’ हे भाकीत खोटं ठरवायचं तर कुठल्या प्रकारचा पावसाळा पडावा लागेल, ते मला अजून सुचलेलं नाही.

उलट 2002. हवामान खात्यानं सांगितलं, देशात दीर्घकालीन सरासरीच्या 101 टक्के पाऊस. पडला 81 टक्के. जुलै कोरडा गेला. ते भाकीत सोळा घटकांच्या गणितावर बेतलेलं होतं. 1988 पासून वापरात असलेलं हे गणित डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. दूरच्या समुद्राचं तापमान, हिमालयातलं बर्फ, वरच्या थरांतले वारे, असे सोळा. त्यात देशाची चांगली बुद्धी खर्ची पडली होती, आणि वर्षानुवर्षं ते बरोबर येत होतं. अडचण अशी की 1987 च्या दुष्काळानंतर 2001 पर्यंत देशावर मोठी अवर्षणाची पाळी आलीच नाही. कुणी दर वर्षी डोळे मिटून ‘यंदा ठीक’ असं म्हणत राहिलं असतं, तर तोही चौदा वर्षं खरा ठरला असता. चांगल्या दिवसांत चांगला अंदाज आणि आळशी अंदाज एकाच रंगाचे दिसतात.

पण आकडा 101 होता म्हणूनच 81 पुढं त्याला तोंड लपवता आलं नाही. पुढच्याच वर्षी, 2003 मध्ये, खात्यानं जुनं गणित बाजूला ठेवून नवं घेतलं. सहा पेन्स भरणं म्हणतात ते हेच. वर्तमानपत्रांत टिंगल झाली. ‘छत्री नको म्हणाले म्हणजे न्यायला हवी’ हा विनोद आपण आजही करतो, आणि त्याच खात्याचा चक्रीवादळाचा इशारा आला की गुपचूप होड्या किनाऱ्याला ओढतो.

खात्याच्या भाषेत 96 ते 104 टक्के म्हणजे सामान्य. देशभराचं. त्यात चेरापुंजीही आली आणि जतही आलं. सरासरी पेरता येत नाही.

ज्या रीतीनं अंदाज बरोबर येतो, त्याच रीतीनं तो चुकतो. हे ल व्हेरिएच्या बाबतीत घडलं तसं क्वचितच कुणाच्या घडलं असेल. युरेनस आखलेल्या वाटेनं चालत नव्हता. या फ्रेंच माणसानं दुर्बिणीला हातही न लावता कागदावर गणित केलं: पलीकडून एक न दिसलेला ग्रह त्याला ओढत असणार, आणि तो अमुक ठिकाणी असणार. पत्र बर्लिनच्या वेधशाळेत पोचलं त्याच रात्री, 23 सप्टेंबर 1846 ला, तिथल्या गाले यांनी दुर्बीण वळवली. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्याही आत नेपच्यून सापडला.

मग बुधाची वाट चुकताना दिसली. माणूस तोच, युक्ती तीच: आतल्या बाजूला आणखी एक ग्रह असणार. नावही ठरलं, व्हल्कन. 1859 मध्ये ऑर्जेर गावच्या एका वैद्यबुवांनी सूर्यबिंबावरून काळा ठिपका सरकताना पाहिल्याचं कळवलं. ल व्हेरिए स्वतः त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले, उलटतपासणी घेतली. वैद्यबुवा सुतारकामही करत. निरीक्षणं लाकडी फळीवर लिहायची आणि फळी भरली की रंधा मारायचा, अशी त्यांची रीत. एवढ्यावर ल व्हेरिए यांचं समाधान झालं! पुढं कितीदा तरी सूर्यावर नजर लावून ज्योतिर्विद बसले. 1877 च्या मार्चमध्ये तर तारीख सांगितलेली होती. काही दिसलं नाही. त्याच वर्षी ल व्हेरिए वारले; तारीख 23 सप्टेंबर, नेपच्यून सापडला तीच. व्हल्कन नव्हताच. बुधाचा शंभर वर्षांत 43 विकलांचा तो फरक आइन्स्टाइननी 1915 च्या नोव्हेंबरात सोडवला. त्यासाठी ग्रह वाढवावा लागला नाही. न्यूटनचं गुरुत्वाकर्षणच नव्यानं मांडावं लागलं.

पहिला अंदाज चुकला असता तर दुसऱ्या वेळी हा माणूस फळीवर रंधा मारणाऱ्याला थोडे जास्त प्रश्न विचारता. एकदा घवघवीत खरा ठरलेला अंदाज पुढच्या दहांची तपासणी बंद करतो. मग तो अंदाज राहत नाही. ते गृहीत होतं, आणि गृहीत पुन्हा कुणी तपासत नाही.

घरात तर बहुतेक कारभार गृहीतावरच चालतो. ‘त्याला कळलं असेलच.’ ‘तिला चालेल.’ ‘आईला काय, ती कुठंही जुळवून घेते.’ लग्नाच्या पहिल्या वर्षात माणसं एकमेकांबद्दल अंदाज करतात, म्हणून विचारतात. पुढं विचारायचं थांबतात त्याला आपण एकमेकांना ओळखणं म्हणतो.

इथं माझ्याच म्हणण्याला आडवी जाणारी एक गोष्ट सांगायला हवी. पदरचं काही गुंतलं की अंदाज सुधारतो, असं आतापर्यंत म्हणत आलो. सहा पेन्सांपुरतं ते खरं आहे. जीव गुंतला की गणित फिरतं. शिकागोच्या परिसरात अखेरच्या अवस्थेतल्या 468 रुग्णांबद्दल 343 डॉक्टरांना विचारलं होतं, हा किती दिवस काढेल? ख्रिस्ताकिस आणि लॅमाँट यांनी 2000 साली त्याचा निकाल छापला. पाचांतला एक अंदाज बरोबर म्हणण्याजोगा निघाला. शंभरातल्या 63 वेळा डॉक्टरांनी जास्त दिवस सांगितले होते. चटका लावणारी गोष्ट पुढची आहे. डॉक्टरची आणि रुग्णाची ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकलेला. ज्यांनी त्या माणसाला वर्षानुवर्षं पाहिलं होतं, ज्यांना त्याच्याबद्दल सगळ्यांत जास्त माहिती होती, त्यांचाच आकडा सत्यापासून लांब गेला. घरच्या माणसाला औषध देताना डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला फोन का करतात ते यावरून समजतं.

तेव्हा अंदाज करणाऱ्याचं थोडं नुकसान व्हायला हवं, फार नको. किती, हे सांगायला गाल्टन नाही. बैलबाजारात ते बरोबर जमतं, इस्पितळात जमत नाही, आणि गावच्या बांधावर तर अंदाज करणारा एक आणि भोगणारा दुसरा अशी फाळणीच करून टाकलेली आहे.

सरकारी दप्तरात तिचं नाव पैसेवारी. आणे जाऊन जमाना झाला तरी गावात आणेवारीच म्हणतात. चांगल्या वर्षाचं पीक एक रुपया धरायचं आणि यंदाचं त्यात किती पैसे भरतं ते सांगायचं. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. 50 पैशांच्या खाली आलं की टंचाई. शेतसाऱ्यात सूट, वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. 50 आलं की काही नाही. त्या एका पैशासाठी जिल्ह्या-जिल्ह्यात मोर्चे निघतात. जगात बहुधा हीच जागा असेल जिथं उत्पन्न कमी दिसावं म्हणून गावच्या गाव देव पाण्यात घालून बसतं. त्यात गावाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. शेतकऱ्याकडं एकाच पिकाचे वेगवेगळे अंदाज असतात: कर्ज देणाऱ्यासाठी एक, तलाठ्यासाठी दुसरा, सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांसाठी तिसरा. स्वतःसाठी ठेवलेला तो बायकोलाही सांगत नाही.

आता दुष्काळ ठरवायला नवे निकष आले आहेत. केंद्राच्या 2016 च्या संहितेप्रमाणं पावसातली तूट, मातीतला ओलावा, उपग्रहाला दिसणारी पिकांची हिरवाई, असं सगळं मोजलं जातं. राज्यानं 2018 च्या ऑक्टोबरात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो या पद्धतीनं. उपग्रहाला कुणाची भीडमुर्वत नाही, हे चांगलंच झालं. पण सोयाबीनचं रान वरून हिरवंगार दिसतं, आणि खाली वाकून शेंग फोडली तर तीन दाण्यांच्या जागी एक पोसलेला आणि दोन चपटे. उपग्रह शेंग फोडत नाही. म्हणून शेवटी पीक कापणी प्रयोगाला माणसं बांधावर येतातच. गट आधीच यादृच्छिक आकड्यानं ठरलेला असतो. तिथं दोरी लावून चौकोन आखायचा, तेवढंच कापायचं, मळायचं, तोलायचं, आणि त्यावरून मंडळाचं उत्पन्न काढायचं. शितावरून भाताची परीक्षाच, फक्त भात कुणी ढवळलाय का ते ठाऊक नसतं.

“भाऊसाहेब, हा गट कसा काय निघाला?” गावकरी तलाठ्याला विचारतात.

“मी काढलेला नाही, यादीतूनच आलाय.”

“मग यादीला सांगा, याच्या विहिरीला पाणी आहे.”

सगळं गाव त्या विहीरवाल्याकडं बघायला लागतं, आणि तो बिचारा दोरीच्या कडेकडेनं फिरत ज्याला त्याला सांगत सुटतो की यंदा माझंही काही खरं नाही, मोटर दोनदा जळली, मधल्या पंधरवड्यात पाणी देताच आलं नाही, हवं तर येऊन शेंगा बघा.